गोधडीचा पहिला फेर

तारामतीची दोन लेकरं गेली होती, आणि दोन्ही विकतच्या रजईवर गेली, असं तिच्या आजीचं ठाम म्हणणं होतं. मुलगा तीन महिन्यांचा होऊन गेला, मुलगी सहाव्या दिवशी. डॉक्टरीणबाईंनी एक कारण सांगितलं, शेजारणींनी दहा सांगितली. पण आजीला, चतुराबाईंना, विचाराल तर दोष त्या रजईचा. हैदराबादच्या आबिड्स बाजारातून आणलेली, गुलाबी फुलांची, मऊ रजई. तारामतीच्या सासूने, सुशीलाबाईंनी, मोठ्या हौसेने ती आणली होती. "त्या कापडात आपलं कुणी जगलं नाही, वाढलं नाही," आजी म्हणायची. "लेकराला वाटलं, आपण परक्याच्या घरी आलाव. गेलं परत."

आता हे ऐकून हसायचं असेल तर खुशाल हसा. तारामतीही आधी हसली होती. दुसरं लेकरू पुरून आल्यावर मात्र हसली नाही.

तारामती वडसांगवीची, नांदेडच्या बाजूला गोदावरीच्या काठचं गाव. आईबाप पटकीत गेले, तेव्हा ती चार वर्षांची आणि भाऊ अंबाजी सहाचा. दोघांना चतुराबाईंनी एकटीने वाढवलं, शेत करून. लग्न होऊन तारामती हैदराबादेत आली, नारायणगुड्याच्या दोन खोल्यांत. नवरा माधव टपाल कचेरीत कारकून. साधा माणूस, आवाज चढवणं त्याला जमत नसे, आणि घरातलं राज्य सुशीलाबाईंचं आहे हे त्याने कधीच मान्य करून टाकलं होतं.

तिसऱ्या खेपेला पाचवा महिना लागला तेव्हा तारामतीने माहेरी जायचा हट्ट धरला. वर्ष होतं अठ्ठेचाळीस. देशाला स्वातंत्र्य मिळून वर्ष होत आलं होतं आणि निजामाच्या राज्यात रझाकार मोकाट सुटले होते.

"परेशान नको करू," माधव म्हणाला. "इथं कोठीच्या चौकात रोज त्यांचे जुलूस निघायलेत, तरी चार माणसं आसपास आहेत. गावाकडं कोण आहे?"

"आजी आहे," ती म्हणाली. "मला तिच्याकडून गोधडी पाहिजे. ह्या खेपेला मी तुमच्या दुकानातलं काही ऐकणार नाही."

सुशीलाबाईंनी तोंड फिरवलं. अंबाजी न्यायला आला आणि ती गेली.

चतुराबाई वाटच बघत होत्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पेटी उघडली आणि आयुष्यभराची लुगडी अंगणात मांडली. शेतात नेसून विटलेलं निळं. लग्नातलं लाल, जिथं हात लावाल तिथं फाटणारं. आणि एक हिरवं इरकली, ज्याच्या झोळीत त्यांनी आधी तारामतीचा बाप आणि मग तारामती निजवली होती. खाली अस्तराला आजोबांचा पटका. कात्री लावायची नाही, अशी रीत. आजीने दातांनी कड तोडली आणि सरळ धाग्याने टरटर फाडत तुकडे केले, हाताच्या पंजाएवढे. तारामतीने उभ्या जन्मात कधी गोधडी शिवली नव्हती. तिला वाटलं, आता आजी शिवील आणि आपण बघू.

"मी नाही शिवणार," आजी म्हणाली. "आईनंच शिवायची, स्वतःच्या हातानं. पण टाक्यांचा पहिला फेर आईनं घालायचा नाही. चारी कडांनी पहिला फेर घालायचा तो जिचं एकबी लेकरू गेलं नाही अशा बाईनं. तिच्या धाग्याच्या पुढं आपण आपला धागा धरायचा."

"मग कोण घालणार?"

"ते इचारायचं नाही. बारशाच्या दिवशी तिला चोळी देऊन ओटी भरायची, तवा कळतंय. आधी आईला कळलं तर फेर फुकट जातो. गड्यांना तर सांगतच नसतेत. आन् हे बघ, बारशाला मामानं लेकरू उचलायचं अन् गोधडीवर ठेवायचं. म्हंजी तुझा अंबाजी. बाकी कुणी ठेवायचं नाही."

तारामतीला तेव्हाच सुचायला हवं होतं. वडसांगवीत अशी बाई होतीच कुठे? घरटी एकदोन लेकरं पटकीत, तापात, विंचवाने गेलेली. समोरच्या गल्लीत एकच घर होतं जिथं पाळणा कधी रिकामा झाला नव्हता, ते पिंजाऱ्याचं. दिवसभर तिथं कापूस पिंजल्याचा आवाज चाले आणि पिंजारीण चांदबी, डोक्यापासून पायापर्यंत कापसाने पांढरी झालेली, पाच लेकरांवर ओरडत असे. महेबूब, मौला, हुसेनबी, लाडली आणि शेंडेफळ शब्बीर. त्यातला मौला अंबाजीच्या वयाचा. दोघं एका तालमीत घुमले, एका ताटात जेवले, आणि एकमेकांच्या घरच्या कोंबड्या मिळूनच चोरल्या. पण गर्भारपणात माणसाचं लक्ष पोटाकडे असतं. तारामतीने विचार केला नाही. तुकड्यांचं गाठोडं बांधून आजीने कोपऱ्यात ठेवलं, आणि ते तिथंच आहे असं तारामती धरून चालली.

अंबाजी घरी टिकत नव्हता. सरहद्दीपलीकडे स्वातंत्र्यवाल्यांचे कॅम्प होते, तो तिकडे ये-जा करी. नाक्यावरची चौकी जाळण्यात तो होता. गावाला हे ठाऊक होतं, आणि गावाला ठाऊक म्हणजे रझाकारांनाही.

आषाढातल्या एका बाजारच्या दिवशी, ऐन दुपारी, लॉरी आली. आधी वेशीवर दोन बार झाले, मग कुत्री भुंकायची एकदम थांबली. चतुराबाईंनी तारामतीच्या दंडाला धरून तिला ओढत आतल्या खोलीत नेलं आणि ज्वारीच्या कणगीत उतरवलं. कणगी अर्धी भरलेली. "पोट धर आन् मेल्यावानी बस," एवढंच म्हणाल्या आणि वर सूप टाकून निघून गेल्या.

कणगीच्या कुडाला फट होती. त्या फटीतून, उघड्या दारांपलीकडे, तारामतीला अंगणाचा हातभर तुकडा दिसत होता, आणि जे दिसायला नको होतं ते सगळं त्या हातभर जागेतच घडलं. बूट आले. अंबाजी कुठे आहे, असं कुणीतरी विचारलं. चतुराबाई म्हणाल्या, "माझ्या पदराखाली हाय, काढून घ्या." म्हातारी तशी तोंडाची फटकळच. बंदुकीचा दस्ता एकदा तोंडावर बसला. त्या पडल्या नाहीत. दुसऱ्यांदा कपाळावर बसला तेव्हा गुडघ्यावर आल्या. तिसरा, चौथा आणि पाचवा त्या खाली पडल्यावर बसला. तारामतीने स्वतःच्या मनगटाला इतके कडकडून दात लावले की रक्त तोंडात आलं. पोटातलं लेकरू लाथा मारत होतं आणि ती त्याला मनात म्हणत होती, गप, गप, गप.

घर लुटलं, पेटी नेली, छपराला काडी लावली. धुराने जीव घुसमटला तेव्हा ती कणगी फोडून मागच्या दाराने परड्यात निघाली आणि खताच्या उकिरड्यात पडून राहिली. त्या दुपारी वडसांगवीत अकरा माणसं मेली. चतुराबाईंचं तोंड ओळखू येत नव्हतं. हातातल्या कड्यावरून ओळखलं.

तिसऱ्या दिवशी अंबाजी चोरून आला. रडला नाही. बहिणीला बैलगाडीत घातलं, कडब्याने झाकलं आणि स्टेशनाकडे निघाला. त्या गाडीत तारामती बोलली. तीन दिवस तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. बोलली ते हे: "गाठोडं बी नेलं रे. आजीनं माझ्या लेकरासाठी फाडलेलं. कोपऱ्यात पाहिलं, जळालेलं बी नाही, राख बी नाही. कुणीतरी उचलूनच नेलं."

"कुणी नेलं ते बघतो मी," अंबाजी म्हणाला.

माणूस दुःखात काहीबाही बोलतो. पण बोललेलं कुणाच्या डोक्यात जाऊन बसतं ते आपल्या हातात नसतं.

पुढचे दोन महिने नारायणगुड्यात दारं लावून गेले. माधव कचेरीत जाई आणि परतेपर्यंत सुशीलाबाई खिडकीत उभ्या. एकदा कोपऱ्यावरच्या वाण्याला भर रस्त्यात भोसकलं, आणि सांडलेल्या तुरीच्या डाळीत तो बराच वेळ हातपाय झाडत होता. कुणी दार उघडलं नाही. ह्या घरानेही उघडलं नाही, हेही सांगायला हवं. मग भाद्रपदात हिंदी फौज शिरली, पाच दिवसांत सगळं आटोपलं आणि निजामाने हात टेकले. ज्या रस्त्यावर वाणी मेला त्याच रस्त्यावर पेढे वाटले गेले. सुशीलाबाईंनी सुनेच्या तोंडात पेढा कोंबला आणि पहिल्यांदाच तिला जवळ घेऊन रडल्या. तारामतीला वाटलं, संपलं एकदाचं.

गावाकडे मात्र तेव्हा कुठे सुरू झालं होतं.

अंबाजी आला तो आश्विनात, दुपारी जेवणाच्या वेळेला. डोक्यावर नवी पांढरी टोपी, खांद्यावर गाठोडं. तारामतीला आठवा सरून नववा लागला होता. ती चुलीपुढे बसून भाकरी भाजत होती.

"तारे, काय आणलंय वळख बरं!"

तिने गाठोड्याकडे पाहिलं. वरचं फडकं आजीच्याच नेसूचं. तिचे हात पिठात तसेच राहिले.

"कुठं घावलं?"

"चांदबी पिंजारणीच्या घरात!" अंबाजी पाटावर बसला आणि मांडीवर थाप मारून सांगू लागला. त्याला खरंच वाटत होतं की तो आनंदाची बातमी सांगतोय. "आपला दत्तोबा तेली कापूस पिंजून आणायला गेला, तर तिच्या मांडीवर आजीच्या हिरव्या लुगड्याचे तुकडे. त्यानं येऊन मला सांगितलं. मग राहिलं काय? रझाकारांना आपलं घर दाखवलं कुणी, आन् लुटीत हिस्सा कुणी घेतला, सारं कळलं. गाव पेटलं, तारे. सारं गाव आलं."

"येऊन काय केलं?"

"काय केलं म्हंजी? जे त्यांनी केलं ते केलं." त्याने पाण्याचा तांब्या उचलून घोट घेतला. "म्हातारा पिंजारी अंगणात बसलेला, तिथंच आडवा केला. महेबूब उसात पळाला. ऊस पेटवला तसा बाहेर आला, आन् बाहेर माणसं उभीच होती. दोघी पोरींनी हिरीत उड्या टाकल्या. त्यांना कुणी हात लावला नाही बरं का." हे त्याने असं सांगितलं, जणू पोरींवर उपकारच केले. "आन् ती चांदबी, गाठोडं सोडीना. छातीशी आवळून बसली. म्हणते, 'ये अमानत है, तारा की अमानत है, उसकू खुद देती मैं.' अमानत! म्हंजी सांभाळायला दिलेली ठेव! चोराच्या तोंडी बघ कसे शबूद येतेत. मग भाला लागला. गाठोड्याला डाग पडलाय थोडा. धुतलं की जातंय."

सुशीलाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी दाराला आतून कडी घातली.

तारामतीने हात पुसले आणि गाठ सोडली. आत तुकडे नव्हते. तुकड्यांची गोधडी मांडलेली होती, नीट, एकाला एक लागून, कच्च्या दोऱ्याने टाचलेली, मधोमध हिरवं इरकली. पटक्याच्या अस्तरावर कापसाचा एक पातळ थर पसरलेला, ताजा पिंजलेला, सरकी तर सोडाच, कचऱ्याचा कणही नसलेला. आजी गोधडीत कधी कापूस घालत नसे. तो पिंजारणीने स्वतःच्या मनाने घातला होता. आणि चारी कडांनी एक फेर. तांदळाच्या दाण्यासारखे बारीक टाके, एकसारखे. शेवटचा टाका पहिल्या टाक्यापासून चार बोटांवर होता आणि तिथं सुई तशीच अडकलेली, ओवलेली. डाग त्याच कोपऱ्यावर होता.

तिला सगळं एकदम कळलं. जिचं एकबी लेकरू गेलं नाही अशी बाई.

"आजीनं दिलं होतं," ती म्हणाली. "आजीनं स्वतःच्या हातानं नेऊन दिलं होतं तिला. पहिला फेर घालायला. तिची पाची लेकरं जिती होती म्हणून दिलं होतं, अंबाजी."

त्याला कळायला वेळ लागला. रीत तिने त्याला समजावून सांगितली, लहान मुलाला सांगावी तशी, एकेक गोष्ट. त्याचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल.

"मला काय माहीत? तुम्ही बायका ह्या गोष्टी गड्यांना सांगता का?" तो ओरडला. "आन् तूच म्हणलीस की! गाडीत बसून तूच म्हणलीस, गाठोडं नेलं, कुणीतरी उचलून नेलं!"

ते खरं होतं. खरं होतं म्हणूनच तिच्या हातून ते झालं. तव्यावरचं तापलेलं उलथनं तिने उचललं आणि सख्ख्या भावाच्या गालावर हाणलं. कातडी चरचरली. अंबाजी पाटासकट मागे पडला, पण त्याने हात उगारला नाही. तिने आणखी दोनदा मारलं, खांद्यावर आणि डोक्यात, टोपी चुलीत जाऊन पडली आणि जळाली. सुशीलाबाईंनी तिला मागून मिठी मारली नसती तर ती थांबली नसती.

"मौला कुठं होता?" धापा टाकत तिने विचारलं. "महेबूबचं सांगितलंस, पोरींचं सांगितलंस. मौलाचं नाही सांगितलंस."

अंबाजी उठून उभा राहिला. गालावर फोड उठत होता. "मौलाचं मला माहीत नाही. मी दारात उभा होतो. मी कुणाला हात लावला नाही, तारे. आजीची आण."

तो गेला. रिकाम्या पोटी गेला, आणि तिने त्याला थांब म्हटलं नाही.

त्या दिवसापासून घरात गोधडीवरून भांडण पेटलं. सुशीलाबाईंचं म्हणणं, रक्त लागलेलं कापड लेकराच्या अंगाखाली घालायचं नाही, मुसी नदीत सोडून या. माधवने पहिल्यांदा बायकोपुढे हात जोडले. "तारा, आपली दोन गेली. हे तिसरं. ह्याच्या जिवाशी नको खेळू. चांदबीची पोरं मेली, मग त्या फेराला आता काय अर्थ राहिला?"

तिने हाच प्रश्न स्वतःला रोज विचारला होता. भीती तिला नव्हती असं कुणी समजू नये. भीतीने तिची भूक गेली होती. पण दर वेळी ती त्या टाक्यांवर बोट फिरवी आणि तिला वाटे, हे टाके घातले तेव्हा पाचही जण त्या घरात होते. कुणी कापूस उडवत असेल, कुणी खायला मागत असेल. आणि एवढं करून ह्या बाईने भाला लागेपर्यंत गाठोडं सोडलं नाही. माझ्या लेकरासाठी दुसऱ्या कुणी एवढं केलंय? तिने डाग थंड पाण्याने धुतला. पूर्ण गेला नाही. मग अडकलेली सुई धरली, उरलेल्या चार बोटांचा फेर त्याच धाग्याने पुरा केला, आणि पुढे आपला धागा जोडला.

तिचे टाके वाकडेतिकडे पडले. एक लांब, एक आखूड, मध्येच गुंता. बोटं सुजली, सुई नखात शिरली. फेरावर फेर घालत, बाहेरून आत, ती मधल्या हिरव्या तुकड्यापर्यंत पोचली. शेवटचा टाका घातला त्याच संध्याकाळी कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. सहावा दिवस आला आणि गेला. त्या दिवशी सुशीलाबाई सकाळपासून पाळण्याजवळून हलल्या नाहीत. सातव्या दिवशी मुलीने सगळी गल्ली डोक्यावर घेतली तेव्हा त्या म्हणाल्या, "रड बाई, रड, पोटभर रड."

बाराव्या दिवशी बारसं ठरलं. अंबाजीला निरोप सुशीलाबाईंनीच धाडला. मामाशिवाय बारसं कसं करायचं, लोक काय म्हणतील, असं त्यांचं चाललं होतं. मुलीला अजून त्या गोधडीवर एकदाही निजवलं नव्हतं. रीतच तशी होती, पहिल्यांदा मामाने ठेवायचं. आणि ते हात कसले आहेत हे कळल्याशिवाय तारामती ठेवू देणार नव्हती.

अंबाजी आला. गालावर उलथन्याचा डाग काळा पडलेला, हातात चांदीचे वाळे. शेजारच्या दहाबारा बायका खोलीत दाटीवाटीने बसल्या होत्या. पाटापुढे गोधडी पसरली. बायकांनी वाकडे टाके बघून एकमेकींना कोपरं मारली, आणि कडेचा फेर बघून विचारलं, "हा कुणाच्या हातचा? किती सुबक!"

"चांदबी पिंजारणीच्या," तारामती म्हणाली. "आमच्या गावची. आज तिला चोळी द्यायची होती, ओटी भरायची होती. ती मेली. हे गाठोडं लुटून नेलं असं मी बोलले, तेवढ्यावरून गावानं तिला मारलं. ते बोलणं माझं होतं, त्याचं पाप माझ्या पदरात आहे. हे सगळ्यांपुढं सांगायचं होतं, सांगितलं."

तारामतीने मुलगी उचलली आणि अंबाजीच्या हातांत दिली. त्याने सवयीने हात पुढे केलेच होते.

"गोधडीवर ठेवायच्या आधी चांदबीच्या लेकरांची नावं घे."

"तारे..."

"नावाचा दिवस आहे. घे नावं. तुला पाठ आहेत."

अंबाजीने दारात उभ्या असलेल्या माधवकडे पाहिलं. माधव मध्ये पडेल असं त्याला वाटलं असावं. माधवने मान खाली घातली.

"महेबूब," अंबाजी म्हणाला. "हुसेनबी. लाडली. शब्बीर. शब्बीर घावला नाही कुणाला. पळाला असंल."

"चार झाले."

मुलगी हातात चुळबुळ करू लागली. तिने तोंड वाकडं केलं.

"पाच होते, अंबाजी."

अंबाजीने मुलीकडे पाहिलं. तिने डोळे उघडले होते आणि ती त्याच्याच तोंडाकडे बघत होती.

"मौला," तो म्हणाला.

"मौला कुठं होता?"

"कापसाच्या ढिगात लपला होता. मी कापूस उपसला." तो आता बायकांकडे बघत नव्हता, बहिणीकडेही नाही. "हसला तो मला बघून. त्याला वाटलं मी सोडवायला आलो. 'अंब्या, आलास व्हय रे,' म्हणला. मी त्याला वळखलं होतं. वळखूनच घातली कुऱ्हाड."

एका म्हाताऱ्या शेजारणीने तोंडावर पदर घेतला. सुशीलाबाईंच्या हातातलं हळदीकुंकवाचं तबक कलंडलं आणि कुंकू फरशीवर सांडलं.

"दे लेकरू इकडं," तारामती म्हणाली.

त्याला ते ऐकू गेलं नसावं. तिने पुढे होऊन मुलगी त्याच्या हातांतून काढून घेतली आणि स्वतः गोधडीवर ठेवली. अंबाजीचे हात तसेच पुढे पसरलेले राहिले, आणि ते खाली घ्यायला त्याला कुणी सांगितलं नाही.